फाटकातलं स्वयंपाकघर

बितावग, झांबालेस
२२ सप्टेंबर १९९१

प्रिय तियो क्रिस्पुलो,

तुमचा हात माझ्या कपाळाला. हा लांबूनच केलेला नमस्कार. तुमचा भाचा देल्फिन लिहितो आहे. शेजारी बसून माझी नानांग, म्हणजे तुमची बहीण, सांगते आहे, आणि तिने सांगितलेल्यातलं बरंचसं मी गाळतो आहे, कारण ती एकाच दमात तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते आणि कोंबड्यांनाही ओरडते.

तुम्हाला तिकडे कळलंच असेल. सोमवारी मनिलाच्या सिनेटने अमेरिकन तळांचा करार फेटाळला. आम्ही कपितान लुसिंगच्या मासळीच्या शेडमध्ये रेडिओ ऐकत होतो. आमच्या गावाची मुखिया होऊन तिला पाच वर्षं झाली, पण मासळी विकणं काही तिने सोडलेलं नाही. निकाल लागला तसे अर्धे लोक ओरडत बाहेर धावले. अर्धे तिथेच बसून राहिले. मी बसलेल्यांत होतो. समुद्रात शिरलेल्या टोकावरच्या अमेरिकन नौदलाच्या रेडिओ स्टेशनच्या लॉन्ड्रीत मी खलाशांच्या गणवेशांच्या घड्या घालतो. अमेरिकन गेले की ते कामही जाणार.

पण कपितान लुसिंग वेगळंच बोलली. जूनमध्ये ज्वालामुखीचा डोंगर फुटला त्याची राख अजून वर साठलेली आहे. जोराचा पाऊस झाला की नदी ती घेऊन खाली येते, ओल्या सिमेंटसारखी, आणि आमचं गाव नदीच्या तोंडाशी. ती म्हणाली, "या भागात एकच उंच जागा आहे. आपल्या बापजाद्यांची आहे, उंडीची झाडं त्यांनीच लावलेली. फक्त मधे कुंपण आहे." म्हणजे टोक. तुमचा जन्म तिथलाच, असं नानांग म्हणते. अमेरिकनांसाठी सरकारने गाव उठवलं तेव्हा तुम्ही लहान होतात.

तुमच्या घराबद्दल काही लिहू नकोस असं नानांगने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही.

आज्ञाधारक,
देल्फिन

*

सॅन दिएगो
१५ ऑक्टोबर १९९१

देल्फिन पोरा,

झाला आनंद? नाचलात? मग उद्या सकाळी काय खाणार, झेंडा?

वीस वर्षांहून जास्त मी त्यांच्या जहाजांवर स्वयंपाक केला. कोणत्या अ‍ॅडमिरलला अंडं कसं लागतं ते मी झोपेतही सांगेन. आपल्या सिनेटरांना अंडं कोंबडीतून येतं की दुकानातून, एवढंही माहीत नसेल. आज अमेरिकन नकोत. उद्या जपानी येतील, परवा तैवानवाले. ज्याचं सरकार, त्याचा पाहुणा. टोक तुमचं व्हायचं नाही, फाटकावरचा माणूस तेवढा बदलेल. चोलेंगला सांग, तिच्या भावाने जग पाहिलं आहे.

आणि घराबद्दल का लिहायचं नाही? विकलं की काय? गावातलं पहिलं सिमेंटचं घर आहे ते. लोखंडी गेट, हिरव्या फरशा, पोर्चला दोन खांब. म्हातारपणी त्या पोर्चमध्ये बसायचं, एवढ्यासाठी मी जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासली. माझी बहीण माझ्यापासून काय लपवते आहे, ते मला कळलं पाहिजे.

तुझा मामा,
क्रिस्पुलो

*

बितावग
१९ जुलै १९९२

प्रिय तियो,

तुमचा हात माझ्या कपाळाला. उत्तराला इतका उशीर झाला, कारण नानांगने मला शपथ घातली होती. काल तिने ती सोडवली. म्हणाली, "लिही बाबा एकदाचं. मी तिकडे कोंबड्यांत जाते."

घर विकलेलं नाही. घेणार कोण? गेल्या वर्षी ऑगस्टच्या पुरात राखेचा चिखल लोखंडी गेटमधून आत आला आणि खिडक्यांच्या कठड्यापर्यंत चढला. पाणी ओसरलं, चिखल मात्र वाळून दगड झाला. मी कुदळीने पोर्च मोकळा करायला घेतला. एका खांबाचं बूड मोकळं झालं तोवर पुढचा पाऊस आला. आता तेही पुन्हा बुजलं. हिरव्या फरशा खाली असतील, मी पाहिलेल्या नाहीत. तुम्हाला कळलं तर तुमची छाती बंद पडेल, अशी भीती नानांगला वाटत होती. मला अजूनही वाटते. कृपा करून बसून वाचा.

आम्ही मागच्या स्वयंपाकघरात राहतो. तेच ते, बांबूचं आणि निपाच्या झावळ्यांचं, खांबांवर उभं. तुम्ही एका पत्रात लिहिलं होतंत, सिमेंटच्या घरामागे हे कोंबड्यांचं खुराडं कशाला, पाडून टाका. नानांगने पाडलं नाही, कारण गॅसवर मासळीला चव येत नाही असं तिचं मत. चिखल त्याच्या खालून गेला.

इकडे नवीन राष्ट्राध्यक्ष आले. अमेरिकन वर्षअखेरीला जाणार हे पक्कं. आमच्या मेयरांना तुम्ही ओळखता. गेल्या वर्षी चार जुलैच्या मेजवानीत अमेरिकन कप्तानाच्या गळ्यात पडून ते रडले होते. आता भरतकाम केलेला पांढरा सदरा घालून "परक्यांनो, चालते व्हा" असं माइकवर ओरडतात. खाली उतरले की तैवानच्या एका कंपनीच्या माणसाला जीपमधून टोकाभोवती फिरवतात. तिथे हॉटेल होणार, बोटींचा धक्का होणार. आम्हाला वेटरची नोकरी देऊ म्हणाले. कपितान लुसिंगने विचारलं, "मेयर, पूर आला तर वेटर कुठे राहणार? टेबलाखाली?"

तुमचं बरोबर होतं, फाटकावरचा माणूस बदलणार आहे. पण पुढचा पावसाळा आम्ही खाली काढू शकणार नाही.

देल्फिन

*

सॅन दिएगो
११ ऑगस्ट १९९२

देल्फिन,

बसून वाचलं. छाती चालू आहे.

आता काही दिवस लिहू नका.

क्रिस्पुलो

*

बितावग
२५ ऑक्टोबर १९९२

प्रिय तियो,

तुम्ही लिहू नका म्हणालात. तरी लिहितो आहे, कारण तुमच्याशिवाय हे विचारावं असा माणूस नाही.

तळ चोवीस नोव्हेंबरला हस्तांतरित होणार. त्याच दुपारी कंपनीच्या ट्रकांनी कुंपणाचे नवे खांब आणायचे असं मेयरांनी ठरवलं आहे. मधली सकाळ आमची.

फादर सांगतात, यंदा नवा कायदा निघाला आहे. गरिबांचं राहतं घर नोटिशीशिवाय पाडता येत नाही. मोकळ्या जमिनीवर नुसती माणसं जाऊन बसली तर हाकलता येतात. पण घर असलं, आत चूल पेटलेली असली, तर नाही. एका सकाळीत घर बांधणार कसं, असं मी विचारलं. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. मानोंग आंबो म्हणाला, "बांधायचं कशाला? आहेत की. उचलायची."

मानोंग आंबो सुतार आहे. आजपर्यंत गावात जेवढी घरं हलली, त्यांचा पहिला बांबू त्याच्या खांद्यावर होता. निपाचं घर खांबांवरून सोडवायचं, खाली बांबूंची चौकट बांधायची आणि गावाने खांदा द्यायचा. तुम्ही हे पाहिलेलं आहे. फक्त फौजेच्या फाटकातून कोणी घर नेल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्यांनी तळाच्या पगारावर सिमेंटची घरं बांधली, ते आता निपावाल्यांच्या हातापाया पडतात, आमचं सामान तरी तुमच्या घरात घ्या म्हणून.

आमचं स्वयंपाकघरही न्यायचं ठरलं आहे. मला मात्र झोप नाही. आत आमच्या नौदलाचेही जवान असतील. घर खांद्यावर असलेल्या माणसाला पळता येत नाही. थांबा म्हणाले तर? बंदुका रोखल्या तर? नानांग माझ्या मागे असणार. तुम्ही असे समारंभ पाहिलेले आहेत. कोणत्या वेळी जावं, एवढंच सांगा.

देल्फिन

*

सॅन दिएगो
६ नोव्हेंबर १९९२

पोरा,

तुम्ही सगळे ठार वेडे आहात. चोलेंगला घरीच ठेव. ती राहणार नाही हे मलाही ठाऊक आहे, पण लिहून ठेवतो.

आता कान देऊन ऐक. असल्या समारंभाला मी आयुष्यभर सँडविच पुरवले आहेत. भाषणं चालू असताना जाऊ नका, तेव्हा पहारेकरी कंटाळलेले असतात आणि कंटाळलेला पहारेकरी इकडेतिकडे बघतो. आधी त्यांचा झेंडा उतरतो. त्यांचं राष्ट्रगीत लागतं. गणवेशातला प्रत्येक माणूस, त्यांचा असो की आपला, सलामीत उभा राहतो आणि नाकावर माशी बसली तरी हलत नाही. मग तोफांची सलामी, तेव्हाही कोणी हलत नाही. मग त्यांचा पाद्री प्रार्थना म्हणतो, सगळ्यांच्या माना खाली. आमचे पाद्री प्रार्थना फार लांबवायचे, माझं सूप थंड व्हायचं. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी फाटक उघडंच असतं. पहिला सूर ऐकू आला की उचला.

धावू नका. मिरवणुकीत चालतात तसे चाला.

क्रिस्पुलो

*

बितावग, टोक
२९ नोव्हेंबर १९९२

प्रिय तियो,

तुमचा हात माझ्या कपाळाला. वरचा पत्ता वाचलात ना? परत वाचा.

तुम्ही सांगितलंत तसंच झालं, आणि तसं झालंही नाही. क्रमाने लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतो.

सकाळी ओढ्यापलीकडे सगळी घरं ओळीने तयार होती. सर्वांत जड पुढे, कारण खांदे ताजे असतात. आमचं स्वयंपाकघर सर्वांत हलकं, म्हणून शेवटी. गाठी तपासायचं काम मानोंग आंबोने मला दिलं होतं. मी दुसऱ्यांदा तपासायला निघालो तसा तो ओरडला, "अरे, बांबूंचं लग्न लावतोयस का? सोड त्यांना आता!"

आत बँड सुरू झाला. कपितान लुसिंगने छत्री वर केली. आम्ही खांदा दिला, आंबोने "एक, दोन" म्हटलं आणि घरं चालायला लागली. कोणी ओरडलं नाही, एरवी घर नेताना केवढा गोंधळ असतो. फाटकावर एका बाजूला अमेरिकन पहारेकरी, दुसऱ्या बाजूला आपला, दोघेही सलामीत. पहिलं घर त्यांच्या मधून गेलं. अमेरिकन जवानाचे फक्त डोळे हलत होते. त्याच्या शर्टांच्या मी दर आठवड्याला घड्या घालायचो. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता. आपल्या जवानाचे ओठ थरथरत होते, तो हसू दाबत होता हे मला नंतर कळलं.

तोफा झाल्या. पाद्री प्रार्थनेला लागला. तियो, तो खरंच थांबेना. देव त्याचं भलं करो. एकेक घर आत गेलं. नानांग आमच्या पुढे चालत होती, एका हातात मिठाचं मडकं, दुसऱ्या हातात तांदळाचं. घर हलवताना मीठ आणि तांदूळ आधी घरात जातात, हे तुम्हाला सांगायला नको. आणि ते आत ठेवून चूल पेटवली, की तीन सकाळी होईपर्यंत त्या घराला कोणी हात लावत नाही.

आम्ही फाटकाच्या ऐन मधे होतो आणि पाद्री "आमेन" म्हणाला. लगेच बँडने आपलं राष्ट्रगीत सुरू केलं.

हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. तुम्ही इतकी वर्षं परक्या झेंड्याखाली होतात, तुमच्या ध्यानात आलं नसेल. पण आम्ही शाळेत रोज सकाळी त्या सुरांवर जागच्या जागी थांबलो आहोत. कोणी हुकूम दिला नाही. आतली घरं थांबली. आमचे खांदे खाली आले, स्वयंपाकघर जमिनीवर टेकलं, सगळ्यांचे हात छातीवर गेले. कपितान लुसिंग दातांतून म्हणत होती, "चला रे गाढवांनो, चला!" आणि तिचा स्वतःचा हात छातीवर, पाठ ताठ. आपला झेंडा वर चढत होता. त्या खांबावर तो कायम त्यांच्या झेंड्याच्या शेजारी पाहिलेला. एकटा कधीच पाहिला नव्हता. मी मान वर करून तो खांबाच्या टोकापर्यंत पाहिला.

सूर थांबले. मी वाकून बांबूला हात घातला, तर वर धूर.

मानोंग आंबो ओरडला, "चोलेंग! बाहेर ये! हे फाटक आहे!"

खिडकीतून नानांगने डोकं काढलं. "मग? खाली ठेवलंत तुम्हीच. मला वाटलं, इथेच ठेवायचं ठरलं. चांगली जागा आहे, वारा येतो."

"मीठ ठेवलंस?"

"ठेवलं."

"तांदूळ?"

"भात लावलाय. आता काय मोजून दाखवू?"

आंबोने टोपी काढली आणि रस्त्यात बसला. म्हणाला, "संपलं. मी हे घर उचलणार नाही. माझ्या बापाने उचललं नसतं." कोणीच पुढे होईना. फाटकाच्या दोन्ही खांबांच्या मधे आमचं स्वयंपाकघर बुचासारखं बसलं होतं. बाजूने एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट. आता सगळ्या गावाचं वाटोळं आमच्यामुळे होणार असं मला वाटलं. मी नानांगला म्हटलंही, "काय केलंस हे!" ती म्हणाली, "कांदा दे."

तेवढ्यात मेयर आले. दुपारी यायचे ते आधीच आले, मागे खांबांनी भरलेले ट्रक आणि सुटातला तैवानचा माणूस. जीप आमच्या पायरीशी येऊन थांबली.

"हे काय आहे?"

"स्वयंपाकघर," नानांग म्हणाली. "भाताला अजून वेळ आहे, मेयर."

मेयरांनी आपल्या नौदलाच्या लेफ्टनंटला बोलावलं. तरुण माणूस, इलोइलोकडचा. "हे उचलून बाजूला टाका!"

लेफ्टनंट खिडकीशी आला. आधी चुलीकडे पाहिलं. "नाय, मीठ ठेवलंत का?" त्यांच्याकडे आईला नाय म्हणतात.

"ठेवलं, बाळा."

तो मेयरांकडे वळला. "सर, माझे जवान हे घर उचलणार नाहीत."

"मी हुकूम देतोय!"

"मला हुकूम माझे वरिष्ठ देतात, सर. आणि त्यांनीही दिला, तरी माझी आई जिवंत आहे. तिला कळलं तर मी घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

त्याचे जवान आधी हसले. मग फाटकावरचा हसला, मग सगळं गाव. फादर कायद्याचा कागद घेऊन पुढे आले. लेफ्टनंटने तो पूर्ण वाचला आणि म्हणाला, "घर आहे, माणूस आहे, चूल पेटलेली आहे. नोटीस आणा, सर."

"कोणाच्या नावाने? फाटकाच्या?"

"माझ्या नावाने," नानांग म्हणाली. "सोलेदाद. चोलेंग नाही, नीट लिहायला सांगा."

तैवानच्या माणसाने मेयरांना काहीतरी विचारलं. मेयर जीपमध्ये जाऊन बसले. ट्रकांना वळायलाही जागा नव्हती. ते ओढ्यापर्यंत उलटे गेले, आणि गावातल्या सगळ्या बायका त्यांना हात हलवत होत्या.

आणि तियो, अमेरिकन आत होते. त्यांच्या बसनाही बाहेर जाता येईना. शेवटी ते चालत निघाले. एकेक जण आडवा होऊन आमच्या भिंतीला घासून गेला. कप्तान सर्वांत शेवटी आला, घडी घातलेला झेंडा काखेत. नानांगने त्यालाही विचारलं, "जेवलात का?" दुसरं काय विचारणार? तो थांबला. उभ्या उभ्या सुकी मासळी आणि भात खाल्ला, झेंडा काखेतून न काढता. ताटली परत देऊन त्याने तिला सलाम केला. मग पोट आत घेतलं आणि स्वतःच्याच फाटकातून बाहेर पडला.

आता तिन्ही सकाळी होऊन गेल्या. गाव आत आहे. नोटीस आलेली नाही.

देल्फिन

*

सॅन दिएगो
२० डिसेंबर १९९२

देल्फिन,

तुझं पत्र मी आमच्या निवृत्त खलाशांच्या अड्ड्यावर वाचून दाखवलं. सगळे माझ्यासारखेच, कोणी आचारी, कोणी वाढपी, बायकामुलं अमेरिकन. पत्ते खाली पडले. म्हातारा इस्को हसता हसता खुर्चीवरून घसरला आणि खाली बसून रडायला लागला. पुन्हा वाच, पुन्हा वाच, असा सगळ्यांचा धोशा. चोलेंगच्या "कांदा दे"पाशी मला प्रत्येक वेळी थांबावं लागलं.

मी त्या कप्तानांना वाढत आलो ते त्यांच्या मेजावर, पांढरे हातमोजे घालून. माझ्या बहिणीने एकाला उभं ठेवून वाढलं, आपल्या चुलीवरून.

मी चुकलो. फाटकावरचा माणूस बदलेल असं लिहिलं होतं. फाटकावर बाई येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सिमेंटच्या घराचं नाव काढू नका. नदीला दिलं असं समजा. मात्र मेयरसारखा माणूस एवढ्यावर घरी बसत नाही. सुनावणी लागेल. कोणी बोलावलं तर गावाने एकत्र जा, आणि तू बोल. तू नीट क्रमाने सांगतोस.

तुझा मामा,
क्रिस्पुलो

*

बितावग, टोक
१८ ऑगस्ट १९९३

प्रिय तियो,

तुमचा हात माझ्या कपाळाला.

सुनावणी झाली. पावसाळ्याआधीच, इबाला, प्रांताच्या कचेरीत. गाव दोन जीपनी गाड्यांतून गेलं, टपावरही बसलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घाईघाईने सुरुवात केली. अधिकारी बाई म्हणाल्या, "सावकाश. तुम्ही तिथे का गेलात एवढंच सांगा." मी नदीचं सांगितलं. फक्त नदीचं. त्यांनी विचारलं, "खालच्या गावात आता काय आहे?" मी म्हणालो, "या आणि बघा." त्या खरंच आल्या. तुमच्या घराच्या छपरावर उभ्या राहिल्या, कारण उभं राहायला तेवढंच होतं. टोकाचा उंडीच्या झाडांकडचा सगळा भाग गावाच्या नावाने झाला. तैवानची कंपनी त्याआधीच दुसऱ्या कुठल्या बेटावर गेली होती. मेयर आता भाषणात सांगतात, पहिल्या दिवशी फाटकाशी मी स्वतः हजर होतो. तेही खोटं नाही.

गाव फाटकाच्या आत वसलं. आम्ही मात्र जिथे टेकलो तिथेच आहोत. तीन सकाळी झाल्यावर आंबो बांबू घेऊन आला होता. नानांग म्हणाली, इथून येणारेजाणारे दिसतात. मग लोकांनी बाजूची जाळी कापून नवा रस्ता काढला.

काल सकाळी नदी आली. आधी आवाज आला, मग वास. आम्ही सगळे टोकाच्या कडेला उभे राहिलो. राखाडी लाट शाळेवरून गेली, मासळीच्या शेडवरून गेली. तुमचं छप्पर क्षणभर दिसलं, मग तेही नाही. कपितान लुसिंग नावं पुकारत होती, एकेका घराचं, आणि प्रत्येक घरातून कोणीतरी ओरडत होतं, "आहे!" एखादं नाव रिकामं जातं का म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. एकही रिकामं गेलं नाही. शेवटी ती थांबली, छत्री मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तरी हस, मेल्या."

पाऊस अजून चालू आहे. नानांगने मोठं पातेलं चढवलं आहे, कारण सगळे आमच्याकडेच जेवायला येत आहेत. तियो, आम्ही सगळे वर आहोत.

देल्फिन